टाटाच्या का तुम्ही?

वेल्समधल्या पोर्ट टॅलबटच्या बसथांब्यावर एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "टाटाच्या का तुम्ही?" इंग्रजीतच विचारलं, पण इकडची माणसं महत्त्वाचा शब्द आधी टाकतात आणि उरलेलं वाक्य मागून आणतात, आपल्याकडे कोल्हापुरात करतात तसंच. तेव्हा 'टाटा' हा शब्द आधी येऊन आदळला. माझ्या हातात छोटी वही होती, कानावर पेन्सिल, अंगात जावयाचं जुनं जाकीट, आणि नजर समोरच्या भट्टीकडे. मी "नो, नो" म्हटलं. दोनदा. एकदा पुरलं असतं. त्याने मान डोलावली, खिशातून पेपरमिंटची पुडी काढून माझ्यापुढे धरली, आणि आम्ही दोघं बस येईपर्यंत पेपरमिंट चघळत समोर बघत बसलो. पुढे एक शब्द बोलणं झालं नाही.

ऑक्टोबर २०२४ चा पहिला आठवडा होता. ३० सप्टेंबरला तिथल्या टाटांच्या पोलाद कारखान्यातली चार नंबरची ब्लास्ट फर्नेस, म्हणजे खनिजापासून लोखंड गाळायची मोठी भट्टी, बंद झाली होती. पाच नंबरची जुलैतच गेली होती. लेकीकडे स्वान्सीला येऊन मला पंधरा दिवस झाले होते, टीव्हीवर ती बातमी पाहिली होती, आणि मग एका सकाळी लेक ड्यूटीवर गेल्यावर मी एकटीच बसमध्ये बसले. तिथे जाऊन काय बघणार, असं तिने विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन आपण काय बघतो?

माझ्या वडिलांचं आयुष्य उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत गेलं. ऑइल इंजिनाचे भाग ओतायचे. आठवड्यातून दोनदा कुपोला, म्हणजे बीड वितळवायची उभी भट्टी, पेटायचा. तळाशी लाकडं, वर कोक, मग बीड, भंगार, चुनखडी, पुन्हा कोक, असे थर. ब्लोअर सुरू झाला की गल्लीतल्या बायका वाळत घातलेलं आत घ्यायच्या. दुपारी मेटल सुटायचं, आणि ते लॅडलमध्ये पडतानाचा पिवळसर पांढरा उजेड वडिलांच्या हनुवटीवर खालून पडायचा. काम संपलं की तळाची दारं पाडायची. आतला सगळा लाल ऐवज धाडकन खाली यायचा, त्यावर पाणी, आणि मग वाफ. तो ओल्या राखेचा, गंधकाचा वास त्यांच्या सदऱ्याला कायमचा होता. आईने तो धुण्याचा नाद सोडून दिला होता. पण कुपोला म्हणजे शेवटी चूल. पेटवली, स्वयंपाक झाला, विझवली. ब्लास्ट फर्नेसचं तसं नसतं. ती एकदा पेटवली की वर्षानुवर्षं तेवत ठेवायची, नंदादीपासारखी, दिवाळी नाही की रविवार नाही. गार होऊ दिली तर पोटातलं लोखंड आतच गोठतं. म्हणून ती बंद करणं हा रोजचा विझवण्याचा प्रकार नव्हे. हे मला कळत होतं, म्हाताऱ्याला तर कळतच होतं, आणि तरी मी घाईघाईने "नो, नो" म्हणून मोकळी झाले.

म्हणजे मी कशाला नाही म्हटलं? टाटाची नव्हते हे खरंच. पण ज्या देशातून ती मालकी २००७ साली इथे आली, त्या देशाची होतेच की. तेव्हा आमच्या बँकेत पेढे वाटले नव्हते एवढंच. साहेबाची पोलाद कंपनी आपण घेतली, असं प्रत्येक जण एकमेकाला सांगत होता, जणू सह्या आम्हीच केल्या होत्या. त्या दिवशी छाती पुढे काढायला मी होते, आणि आता 'नो, नो'.

त्या रात्री जावयाने एक जाडजूड पुस्तक समोर ठेवलं. तो इथल्या विद्यापीठात धातूंचंच काहीतरी करतो. "आई, तुमच्यासारखाच एक जण वही घेऊन इथे फिरला होता," म्हणाला. राइनहोल्ड रूकर आंगरश्टाइन. स्वीडनचा माणूस, जन्म १७१८, लोखंडवाल्यांच्या घराण्यातला. १७५३ ते १७५५ या काळात तो इंग्लंड आणि वेल्स पालथं घालत होता. त्याच्या वह्या स्टॉकहोममध्ये राहिल्या आणि २००१ मध्ये इंग्रजीतून छापून आल्या. हा हौशी प्रवासी नव्हता. स्वीडनचं लोखंड तेव्हा ब्रिटनमध्ये ढिगाने विकलं जायचं, आणि हे ब्रिटिश लोक आपल्याशिवाय किती दिवसांत चालवून नेतील, हा स्वीडनच्या जिवाचा प्रश्न होता. म्हणून तो भट्ट्या मोजतो. कोळसा काय भावाने पडतो ते लिहितो. मजुरी लिहितो. भात्याची, घोड्याने फिरणाऱ्या रहाटाची, रुळांवरून जाणाऱ्या गाड्यांची चित्रं काढतो. शेकड्यांनी चित्रं आहेत. त्याला हेर म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही. कसबी कारागिरांना फूस लावून परदेशी नेण्याविरुद्ध ब्रिटनने १७१९ मध्येच कायदा केला होता, तेव्हा वही घेतलेल्या परक्याला सगळीकडे पाट मांडून बसवत नसत. त्यालाही कुठल्या तरी दारात कुणीतरी विचारलं असेल, कुठल्या कंपनीचे तुम्ही?

मी ते पुस्तक आधी चित्रं बघत वाचलं, दिवाळी अंक वाचतात तसं. मग पाँटिपूलपाशी अडकले.

पाँटिपूलला तेव्हा पत्र्याला कथील चढवायचे. लोखंडाचा पत्रा हातोड्याने ठोकून पातळ करण्याऐवजी दोन रोलरांमधून लाटून काढायचा, पोळीसारखा, ही तिथल्या हॅनबरी घराण्याच्या कारखान्याची करामत. जर्मन लोक ठोकत बसले होते, हे लाटायला लागले, आणि बाजार फिरला. लाटलेला पत्रा कोंड्याच्या आंबवलेल्या पाण्यात बुडवून साफ करायचा, घासायचा, आणि मग वितळलेल्या कथलात, वर चरबीचा थर ठेवून, बुचकळायचा. हे वाचताना माझ्या नाकात जो वास शिरला तो वेल्सचा नव्हता. आमच्या बोळाच्या तोंडाशी कल्हईवाला बसायचा. जमिनीत खड्डा, चामड्याचा भाता, लाल झालेलं पातेलं, त्यात नवसागराची चिमूट, भस्सकन पांढरा धूर, कथलाची कांडी टेकवली न टेकवली की चिंधीने गरागरा पुसणं, आणि काळंमिंद्रं पातेलं आतून चंद्रासारखं. आम्ही पोरं तिथून हलायचो नाही. नवसागराने डोळे झोंबायचे आणि तरी हलायचो नाही. त्याच्या एका पातेल्यामागचं जे शास्त्र, तेच पाँटिपूलवाल्यांनी पत्र्याच्या थप्प्यांवर चालवलं. पुढे वेल्सने शंभर-सव्वाशे वर्षं जगाला डब्यांचा पत्रा पुरवला, अमेरिकेने १८९० साली जकात वाढवून कंबरडं मोडेपर्यंत.

आंगरश्टाइनला कल्हईचा वास आला असेलच. त्याने लिहिले ते आकडे.

आणि इथे माझं त्याच्याशी जरा बिनसलं. आधी राग आला तो माणसांसाठी. इतकी माणसं त्या भट्ट्यांपुढे भाजत होती, आणि हा त्यांना दर आठवड्याच्या शिलिंगांत मोजून पुढच्या गावाला जातो! मग लक्षात आलं की हा राग मला आधीपासून ओळखीचा आहे. आमच्याकडे इंग्रज सरकारच्या गॅझेटियरवाल्यांनी हेच केलं. कोल्हापूरचा खंड १८८६ चा. तांबट किती, कासार किती, कोण काय खातं, काय मिळवतं, कुणाच्या लग्नाला किती खर्च. कॉलेजात असताना ते वाचून मी चिडले होते, आपल्याला किड्यांसारखं मोजलंय म्हणून. आणि आज माझ्या पणज्यांच्या काळातल्या कोल्हापूरचं काही समजून घ्यायचं तर त्याच खंडाकडे जावं लागतं, दुसरं आहे काय? वेल्सच्या लोकांचीही तीच गत दिसते. १७५४ साली आपल्या गावात नेमकं काय चाललं होतं हे त्यांना एका स्वीडिश हेराच्या वहीतून वाचावं लागतं. ज्या साहेबाने आपल्याला मोजलं, त्याच्या अंगणात त्याच्या शंभर वर्षं आधी कुणीतरी टेप घेऊन फिरून गेलं होतं, याचा मला थोडा, खोटं कशाला बोलू, आनंद झाला.

नीथ आणि स्वान्सी ही दोन गावं म्हणजे आपल्या इचलकरंजी-जयसिंगपूरसारखी, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. नीथजवळ तांबं वितळवण्याची सुरुवात १५८४ ची. स्वान्सीच्या खोऱ्यात पहिली मोठी भट्टी १७१७ मध्ये लँडोरला लागली. गंमत अशी की तांबं या मातीत नाहीच. खनिज समुद्रापलीकडच्या कॉर्नवॉलचं. पण तांबं गाळायला खनिजाच्या कित्येक पट कोळसा लागतो, आणि कॉर्नवॉलला कोळसा नाही. मग जड काय न्यायचं आणि हलकं काय, एवढाच हिशोब. खनिज गलबतात भरून कोळशाकडे आणायचं, आणि परतीला तीच गलबतं कोळसा घेऊन जायची, कॉर्नवॉलच्या खाणीतलं पाणी उपसणाऱ्या इंजिनांसाठी. एकही खेप रिकामी नाही. आमच्या मार्केट यार्डातल्या ट्रकवाल्याला हे एका वाक्यात समजेल. परतीचं भाडं मिळालं की धंदा.

बंदर म्हणावं तर गोदी वगैरे काही नव्हतं. टावे नदीचं मुख, बस्स. स्वान्सीचं वेल्श नावच आबेरटावे, टावेचं मुख. या समुद्राला भरती-ओहोटी अशी भयंकर आहे की उधाणाला पाणी आठ-साडेआठ मीटर चढतं आणि उतरतं. मी मालवणला, रत्नागिरीला समुद्र पाहिलाय. पाणी येतं-जातं हे माहीत होतं, पण सकाळी जिथे लाटा होत्या तिथे दुपारी मैलभर चिखल, आणि त्यात बोटी कुशीवर झोपलेल्या, हे बघून मी खिडकीतच उभी राहिले होते. १८५२ मध्ये पहिली गोदी होईपर्यंत तांब्याची सगळी उलाढाल या चिखलाच्या मर्जीवर चालली. पाणी चढलं की गलबत आत, उतरलं की पोट टेकून बसायचं. आता ती गोदी बुजवून वर दुकानांचं संकुल केलंय. लेक तिथून पडदे आणते.

नदीच्या काठाने वर चालत गेलं की हावोड लागतं. जॉन व्हिव्हियनने १८१० मध्ये उभा केलेला कारखाना, म्हणजे आंगरश्टाइननंतरचा. दोन चिमण्या, इंजिनघरं, आता एका इमारतीत व्हिस्की गाळतात. नदीपलीकडे व्हाइट रॉक, हा मात्र १७३७ चा. काठाच्या भिंतीत काळे कुळकुळीत ठोकळे बसवलेत. मला आधी दगडच वाटले. हात लावला तर काचेसारखा गार, कडेला बुडबुड्यांच्या खळ्या. तांब्याचा मळ, स्लॅग. साच्यात ओतून त्याच्या विटा करायचे. आमच्याकडे स्लॅग नाल्यात टाकायचे, वडील म्हणायचे, "कुणी भिंत बांधंना झालंय याची!" मी त्या ठोकळ्यावर हात ठेवून बराच वेळ उभी होते. एक कुत्रा येऊन हुंगून गेला.

या खोऱ्यातल्या तांब्याचं एक फार मोठं गिऱ्हाईक ईस्ट इंडिया कंपनी. ही गोष्ट मला इथे येऊन कळली आणि झोप उडाली. त्या आधी हिंदुस्थानात डच लोक जपानचं तांबं आणून विकायचे, लहान लहान लालभडक कांड्या. आपल्या लोकांच्या डोळ्यांत तो लाल रंग बसला होता. तेव्हा इथल्या भट्टीवाल्यांनी काय करावं? तसल्याच कांड्या ओतल्या, त्यांना तसाच लाल रंग आणला, आणि नाव दिलं 'जपान तांबं'. वेल्समध्ये गाळलेलं, कॉर्नवॉलचं, नाव जपानचं, विकलं आपल्याला. नकली मालाला आपण उगाच उल्हासनगरचं नाव देतो.

आजीच्या न्हाणीघरातलं घंगाळ डोळ्यांपुढे आलं नाही असं नाही. चिंचेने घासून ठेवलेलं, कडेला दोन कड्या, आत पहाटेचं पाणी. ते तांबं याच नदीवरून आलं असावं अशी ओळ मी वहीत लिहिलीसुद्धा. मग खोडली. भावनेच्या भरात बायका काय वाटेल ते लिहितात असं कुणी म्हणायला नको, आणि तसंही घंगाळ वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्या काकांकडे गेलं.

पण तांबं फक्त घंगाळाला गेलं नाही. व्हाइट रॉकच्या आवारात एका इमारतीचं नाव 'मॅनिला हाउस' होतं. मॅनिला म्हणजे तांब्या-पितळेची कडी, हातात घालतात तसल्या आकाराची, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चलन म्हणून चालणारी. ती देऊन माणसं विकत घ्यायची आणि जहाजात भरून अटलांटिकपलीकडे न्यायची. म्युझियममध्ये काचेमागे असं एक कडं ठेवलंय. बाळंतविडा करताना आपण वाळं घेतो, तेवढंसं. मी तिथून पटकन पुढे सरकले. पुढच्या दालनात बसायला बाक होता, तिथे बसले. इतका वेळ कामगारांच्या घामाचं कौतुक करत फिरत होते, मळाच्या विटांवरून हात फिरवत होते. आता त्या हाताचं काय करावं कळेना. त्या भट्टीपुढे उभ्या माणसाला ठाऊक असेल का हे कडं कुठे जाणार? माझ्या वडिलांनी ओतलेली इंजिनं कुणाच्या विहिरीवर बसली, ते वडिलांना कुठे ठाऊक होतं? ही तुलना बरोबर नाही, हेही मला तिथेच बसल्या बसल्या कळत होतं.

आंगरश्टाइननंतर पन्नास वर्षांनी आणखी एक स्वीडिश माणूस आला, स्वेडेनशेर्ना, १८०२-०३ मध्ये. तोपर्यंत लोखंडाचं सगळं काम डोंगरात सरकलं होतं, मर्थर टिडव्हिलला. कव्हार्थ्वाच्या कारखान्यात पन्नास फूट व्यासाचं पाणचाक फिरत होतं. १८०१ च्या शिरगणतीत मर्थरची वस्ती ७,७०५, वेल्समधलं सगळ्यात मोठं गाव. आणि आजची राजधानी कार्डिफ? १,८७०. आपल्याकडे एखाद्या वाडीत याहून जास्त रेशनकार्डं असतात. लोखंड १७९४ च्या कालव्यातून कार्डिफला उतरायचं आणि तिथून जगभर. बिचाऱ्या स्वेडेनशेर्नाचं नशीब असं की तो वर्षभर आधी येऊन गेला. फेब्रुवारी १८०४ मध्ये तिथेच, पेनीडॅरनच्या रुळांवर, ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाने दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं ओढून दाखवली. जगातली तशी पहिलीच खेप. बघायला आलेला माणूस नेमका त्या वेळी घरी बसून प्रवासवर्णन लिहीत असणार.

या दोघांनी स्वान्सीच्या तांब्याचा धूर पाहिला असणारच. पुढे व्हिव्हियनच्या काळात तो इतका झाला की टेकड्यांवर गवत उगवेना. गंधक, त्यात आर्सेनिक. शेतकरी कोर्टात गेले. १८२० च्या सुमारास धूर कमी करण्यासाठी बक्षीस ठेवलं, मायकेल फॅरेडेसारखा माणूस त्यात पडला. धूर काही फार हटला नाही. शेवटी कारखानेच गेले, आणि उघडंबोडकं विषारी खोरं तसंच पडून राहिलं. १९६० च्या दशकात शाळेतल्या पोरांना हाताशी धरून तिथे झाडं लावली. आज चालताना बर्च लागतात, त्यांच्या फांद्यांमधून स्टेडियम दिसतं. पोरांनी लावलेली झाडं आता साठीची आहेत, माझ्याच वयाची.

मी चौथीत असताना चित्रकलेच्या वहीत वडिलांची फाउंड्री काढली होती. पत्र्याची शेड, चिमणी, आणि चिमणीतून निघणारं धुराचं काळं वेटोळं. फार मन लावून काळं केलं होतं. वडिलांनी जेवताना वही पाहिली आणि म्हणाले, "धूर लई काळा काढलायस पोरी. काळा म्हंजे हवा कमी पडली. पांढुरका काढ." त्यांना त्या चित्रात चूक दिसली ती एवढीच.

विमान बुधवारी होतं. सोमवारी मी पुन्हा पोर्ट टॅलबटला गेले. म्हातारा भेटेल अशी वेडी आशा होती, आणि भेटला तर काय सांगायचं ते इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं, की माझे वडीलही भट्टीवर होते, म्हणून. तो नव्हता. पाऊस होऊन गेला होता, बाकडं ओलं होतं. बाबागाडी घेतलेली एक तरुण बाई तेवढी उभी. मी रुमालाने बाकडं पुसलं, वही काढली, आणि समोरची भट्टी काढायला घेतली. मोजमाप नाही, नुसतं जसं दिसतं तसं. नळ्यांचं ते जंजाळ, जिने, मागे डोंगराची रेघ. हात बसत गेला तसं बरं वाटायला लागलं. बाबागाडीतलं पोर उठून रडायला लागलं, तिने त्याला उचलून घेतलं आणि माझ्या खांद्यावरून वहीत डोकावली.

"छान काढलंय," म्हणाली. मग बोट ठेवून, अगदी हळू, "पण तिथून आता धूर येत नाही, लव्ह."

मी पाहिलं. खरंच. पांढुरका होता.

पर्समध्ये खोडरबर शोधला. पेपरमिंटचा कागद सापडला, बसचं जुनं तिकीट सापडलं. तोवर बस आली.